काइफंगला मामाकडे : वसंत, 1124

डोके आत घ्या. नावाडी मघापासून तुमच्यावरच ओरडतो आहे. होडी पुलाच्या तोंडाशी आली आहे आणि डोलकाठी अजून पुरती खाली आलेली नाही. चौघे दोर सोडत आहेत, दोघे लांब बांबू रेटून होडी सरळ ठेवायला धडपडत आहेत आणि पुलाच्या कठड्यावर ओणवी झालेली अनोळखी माणसे एकाच वेळी वाटेल ते सल्ले देत आहेत. वरून कुणी तरी दोर फेकतो. डोलकाठी कलंडते, होडी पुलाखाली शिरते आणि वरची गर्दी मोठ्या समाधानाने आपापल्या वाटेला लागते.

आता वर पाहा. या पुलाला नदीत एकही खांब नाही. प्रचंड लाकडे एकमेकांत अडकवून त्यांची कमान एका काठावरून दुसऱ्या काठावर नेली आहे आणि तिला लाल रंग दिला आहे. खांबांवर आपटून होड्या फुटत, म्हणून या नदीवर असे बिनखांबी पूल बांधू लागले. लोक याला इंद्रधनुष्याचा पूल म्हणतात. इथून शहराचा पूर्वेचा जलदरवाजा सात ली, म्हणजे चार किलोमीटरही नाही. आलाच की तुम्ही!

साल आहे 1124. उत्तरेकडच्या सुंग घराण्याचा सम्राट हुइत्सोंग गादीवर आहे. तो स्वतः चित्रे काढतो, सुंदर अक्षर लिहितो आणि चहा कसा करावा यावर त्याने पुस्तकही लिहिले आहे. त्याची राजधानी काइफंग, वस्ती दहा लाखांच्या आसपास. तुम्ही दक्षिणेतल्या हांगचौचे. यांगचौ मागे पडले, ह्वाई नदी ओलांडली आणि मग ब्येन नदीच्या गढूळ पाण्यातून प्रवाहाच्या उलट वर येत राहिलात. वारा पडला की काठावरची माणसे खांद्यावर दोर घेऊन होडी ओढत. बोचक्यात आईने बांधून दिलेले सुके बांबूचे कोंब, खारवलेले मासे आणि चहाच्या वड्या आहेत. मामाकडे निघाला आहात ना? मग रिकाम्या हाताने कसे चालेल!

मामा सरकारी धान्याच्या कोठारात कारकून आहे. या शहराचे पोट या नदीवर चालते. दक्षिणेकडून दरवर्षी साठ लाख शी (हे इथले धान्याचे माप) तांदूळ याच पाण्यावरून यावा असा सरकारी आकडा ठरलेला आहे आणि तो उतरवून घ्यायला नदीकाठी कोठारांच्या रांगा उभ्या आहेत. त्यामुळे मामाचे घर शोधायला त्रास नाही. जलदरवाजातून आत या, कोठारे लागली की विचारा. ज्याला विचाराल तो नुसती दिशा दाखवणार नाही, बरोबर चालत येईल. इथली रीतच तशी आहे. परगावचा माणूस नवा राहायला आला, तर शेजारी त्याला भांडीकुंडी उसनी देतात, चहा आणून देतात आणि कुठे काय चांगले मिळते ते सांगतात. परक्याला कुणी दमदाटी केली, तर रस्त्यावरची माणसे त्याच्या बाजूने उभी राहतात.

दारात आजी उभी आहे. तुमचा चेहरा दोन्ही हातांत धरून ती आधी तुमच्या वाळलेल्या गालांची चौकशी करते आणि मग तुमच्या आईची. मामी आतून हाक मारते, "हात धू आणि इकडे ये, आज मदतीला माणूस हवाच होता."

मामी पिठाच्या पाकोळ्या करते आहे. कणीक मळायची, पाकोळीचा आकार द्यायचा, वर लाल सुकी बोरे खोचायची, वाफवायच्या आणि विलोच्या फांदीत ओवून दारावर टांगायच्या. उद्यापासून थंड जेवणाचा सण. हिवाळ्यातल्या सर्वांत लहान दिवसापासून मोजत आले की एकशे पाचव्या दिवशी तो येतो. या सणात चूल पेटवायची नाही. फार प्राचीन काळी च्ये त्सथुई नावाचा एक निष्ठावंत सेवक होता. राजाने त्याला डोंगरातून बाहेर काढण्यासाठी रान पेटवले, त्यात तो जळून गेला, आणि त्याच्या आठवणीसाठी ही आगीविना राहण्याची प्रथा पडली, असे आजी सांगते. दारावरच्या पाकोळ्याही त्याच्याच नावाच्या.

म्हणजे इतक्या लांबून तुम्ही पाहुणे आलात आणि घरात गरम अन्न नाही! पण मामीने पाहुणचाराची सगळी तयारी आधीच केली आहे. गव्हाच्या वड्या आहेत, दही आहे, दुधाच्या वड्या आहेत, मोड आणलेल्या धान्याची घट्ट काकवी आहे. तुम्ही नको नको म्हणता आणि आजी वाढतच राहते. याला उपाय नाही. आजीसमोर थाळी रिकामी ठेवणे कुठल्याही शतकात शक्य झालेले नाही.

सणाचा तिसरा दिवस छिंगमिंगचा. आज राजवाड्यात लाकडावर लाकूड घासून नवा अग्नी काढतात आणि घरोघरी पुन्हा चूल पेटते. आज सगळे शहर वेशीबाहेर निघते, कारण वाडवडिलांच्या कबरी झाडून-पुसून साफ करण्याचा हा दिवस आहे. मामीने आजीसाठी मेणा सांगितला आहे. मेण्याच्या चारी बाजूंनी विलोच्या फांद्या आणि रानफुले अशी खाली सोडली आहेत की आत आजी आहे हे केवळ तिच्या सूचनांवरून कळते. दरवाजातून बाहेर पडताना खंदकाकडे पाहा. खंदकाच्या दोन्ही काठांवर विलोची झाडे आहेत आणि त्यांची कोवळी पालवी पाण्यावर झुकली आहे.

कबरीवरचे गवत मामा स्वतः उपटतो. कागदी पैसे ठेवतो, दारू शिंपडतो, तुमची ओळख करून देतो, "हांगचौची मंडळी आली आहेत, तुमच्या नातीकडची." तुम्ही गुडघे टेकून कपाळ जमिनीला लावता. ज्या पणजोबांना तुम्ही कधी पाहिले नाही, त्यांना तुम्ही आल्याचे रीतसर कळवले जाते. मग चटया पसरतात. काइफंगच्या लोकांना शोक आणि सहल यांत विरोध वाटत नाही. झाडाखाली जागा मिळेल तिथे ताटल्या मांडायच्या, शेजारच्या चटईवरच्या अनोळखी कुटुंबाकडे पेला पुढे करायचा, बागेतून येणारे गाणे ऐकायचे. पूर्वजांना भेटायला गेलेले घर हसत परत यावे, हे इथे शिष्टाचाराला धरूनच आहे.

परतताना प्रत्येकाच्या हातात काहीतरी हवेच. वेशीबाहेर मातीच्या बाहुल्या, खेळण्यातल्या तलवारी, फुले, फळे, बदकाची अंडी आणि कोंबडीची पिल्ले विकायला बसलेली असतात. मामेभावाने पिल्लू घेतले आहे. ते तुमच्या बाहीत ठेवण्यात आले आहे, कारण तुमची बाही सर्वांत रुंद आहे.

वाटेत दक्षिण दरवाजाशी थांबावे लागते. हा दरवाजा थेट राजवाड्याच्या समोर येतो, म्हणून इथून प्रेतयात्रा न्यायला मनाई आहे. डुकरांना मात्र इथूनच वाट! संध्याकाळ झाली की हजारोंचा कळप धुळीचा लोट उडवत आत शिरतो, हाकणारी माणसे मोजून दहा-वीस, आणि एकही डुक्कर रांग सोडत नाही. आजी मेण्याचा पडदा सारून ते पाहते आणि मामेभावाला सांगते, "बघ, शिस्त म्हणतात ती ही."

शहराचा पैसा समजायला मात्र वेळ लागतो. मामी तुम्हाला मासळी आणायला पाठवते. कोळी उथळ पिंपात पाणी भरून, मासे विलोच्या पानांत ओवून, ते जिवंत राहतील अशा बेताने गल्लोगल्ली फिरतो. नाणी तांब्याची, मध्ये चौकोनी भोक, माळेत ओवलेली. तुम्ही शंभर मोजायला लागता आणि कोळी हात धरतो. सरकारी व्यवहारात 77 नाणी म्हणजे शंभर. बाजारात साधारणपणे 75. मासे, मटण, भाजीला 72. सोन्याचांदीला 74. मोती किंवा पाळीव पाखरे घ्यायची तर 68. तुम्ही चक्रावून घरी येता तेव्हा मामेभाऊ ही सगळी यादी एका दमात म्हणून दाखवतो. या शहरातल्या पोराला हिशेब शिकवावा लागत नाही, रस्ताच शिकवतो.

आणि रस्त्यावर काय मिळत नाही? मांजर पाळणाऱ्याला मांजराचे खाणे आणि छोटे मासे दारात आणून देणारा माणूस आहे. पहाटे, रात्रीचा पाचवा प्रहर लागला की भिक्षू लोखंडी पट्टी किंवा लाकडी मासा ठोकत दारोदार फिरतात आणि लोकांना जागे करतात. त्यांच्या मागोमाग तोंड धुवायला गरम पाणी विकणारा येतो. मग काढे आणि चहा विकणारा. वीस नाण्यांच्या आत पेज, भात, फराळ असा पोटभर नाश्ता मिळतो. चूल पेटवण्यापूर्वीच शहर जेवून मोकळे होते.

एका संध्याकाळी मामा लवकर घरी येतो आणि जाहीर करतो, "आज बाहेर जेवायचे." खानावळीच्या दारावर बांबूचा उंच सांगाडा उभारून त्याला रंगीत रेशीम गुंडाळले आहे. स्वतःची दारू गाळण्याचा परवाना असलेली मोठी मद्यगृहे शहरात 72 आहेत. लहान दुकाने मोजण्यापलीकडची. तुम्ही बसता आणि वाढपी समोर येऊन उभा राहतो. आता कुणीही काहीही मागावे. एकाला गरम, एकाला गार, एकाला कोमट, एकाला चरबीचे मटण, एकाला बिनचरबीचे. आजीला काही नको, फक्त रस्सा, तोही फार तिखट नको. वाढपी लिहून काही घेत नाही. तो स्वयंपाकघराच्या तोंडाशी जातो आणि सगळी मागणी पाढे म्हटल्यासारखी एका सुरात म्हणून टाकतो. थोड्याच वेळात तो परत येतो, डाव्या हातात तीन वाट्या आणि उजव्या हातापासून खांद्यापर्यंत एकावर एक रचलेल्या वीसेक. ज्याची त्याच्यापुढे. एकही चूक नाही. चूक झाली, तर गिऱ्हाईक मालकाला सांगते आणि त्याचा पगार कापला जातो. पूर्वी इथे नुसता चमचा देत, आता सगळीकडे काड्या आल्या आहेत, असे आजी नापसंतीने सांगते.

तुम्हाला हांगचौची आठवण येत असेल तर त्याचीही सोय आहे. दक्षिणेकडच्या लोकांसाठी दक्षिणी खानावळी आहेत, तिथे तळलेला मासा आणि भात मिळतो. सछ्वानच्या लोकांसाठी सछ्वानी खानावळी वेगळ्या. ज्या शहरात परगावच्या माणसाला त्याच्या घरचे जेवण मिळते, ते शहर मोठे.

मद्यगृहांचा विश्वास पाहून तर थक्क व्हाल. एखाद्या छोट्या दुकानाने दोन-तीनदा दारू नेली की मोठे मद्यगृह त्याला शेकडो तोळ्यांची चांदीची भांडी वापरायला देते. गरिबाने घरी दारू मागवली, तरी ती चांदीच्या भांड्यातूनच जाते. रात्रभर मैफल चालली, तर भांडी सकाळी परत आणली जातात. कुणी पळवून नेईल, ही शंका मालकाच्या मनात येत नाही.

फान लौ हे मद्यगृह मात्र बाहेरूनच पाहू. मामाच्या पगारात तिथे जाणे बसत नाही, पण ते दाखवताना त्याची छाती मालकाइतकीच फुगते. हल्लीच नव्याने बांधलेल्या तीन मजली पाच इमारती, त्यांना जोडणारे वरच्या वर जाणारे पूल, मोत्यांचे पडदे, दिव्यांचा लखलखाट. नवीन उघडले तेव्हा पहिल्या दिवसांत सर्वांत आधी येणाऱ्या गिऱ्हाइकांना सोनेरी झेंडे बक्षीस दिले होते. आतल्या पश्चिमेकडच्या इमारतीच्या माथ्यावर जायला पुढे बंदी झाली, कारण तिथून थेट राजवाड्यात दिसत होते. सम्राटाच्या अंगणात डोकावता येईल इतकी उंच खानावळ, हे याच शहरात घडू शकते.

जेवणावर चहा घरीच. मामी चहाची वडी कुटते, पूड वस्त्रगाळ करते, काळ्या वाटीत थोडे गरम पाणी घालून बांबूच्या घुसळणीने घुसळते. फेस पांढराशुभ्र आणि दाट यावा, वाटीच्या कडेला चिकटून राहावा. शेजारणीशी पैज लागली आहे. ज्याचा फेस आधी विरेल तो हरला. काळी वाटी यासाठीच, पांढरा फेस तिच्यात उठून दिसतो. तुम्ही आईने दिलेली वडी काढून देता आणि मामी जिंकते. आता हांगचौला परत गेल्यावर ही बातमी आईला सांगायलाच हवी.

श्यांगकुओ मंदिराचा बाजार महिन्यातून पाच वेळा भरतो. तो चुकवू नका. पहिल्या दरवाजाशीच पाखरे, मांजरे, कुत्री आणि दूरदेशीचे चमत्कारिक प्राणी. आत अंगणात चटया, पडदे, तोंड धुण्याची भांडी, खोगिरे, धनुष्ये, फळे. ओसऱ्यांत भिक्षुणी भरतकाम, कॉलर, फुले, टोप्या विकतात. बुद्धाच्या सभामंडपाजवळ नामांकित कुंचले आणि शाई. मंडपामागे पुस्तके, जुनी चित्रे आणि परप्रांतातून बदली होऊन आलेल्या अधिकाऱ्यांनी आणलेला माल. सर्वांत मागे ज्योतिषी. पंचवीसेक वर्षांपूर्वी या शहरात एक नवविवाहित जोडपे राहत असे. नवरा विद्यार्थी, हातात पैसा नाही. तो महिन्यातून दोनदा सुट्टी मिळाली की कपडे गहाण टाकून पाचशे नाणी घेई आणि या मंडपामागून जुन्या शिलालेखांचे ठसे आणि फळे विकत आणी. घरी दोघे ठसे पाहत फळे खात. नवरा चाव मिंगछंग. बायको ली छिंगचाव, चीनच्या सर्वश्रेष्ठ कवयित्रींपैकी एक. तिने ते दिवस स्वतःच लिहून ठेवले आहेत.

शहराच्या ईशान्येला एक मनोरा आहे, तोही पाहून घ्या. 1044 मध्ये वीज पडून जळालेल्या लाकडी मनोऱ्याच्या जागी 1049 मध्ये झिलईदार विटांचा हा तेरा मजली मनोरा उभारला. प्रत्येक विटेवर काहीतरी कोरले आहे. उडणाऱ्या अप्सरा, सिंह, ड्रॅगन, बुद्धमूर्ती. बुद्ध आपल्याकडून इथे आला, आणि 982 पासून या शहरात संस्कृत ग्रंथांचे भाषांतर करणारी सरकारी संस्था चालली, तिच्यात भारतातून आलेले भिक्षू बसत. अजिंठा-कार्ल्याच्या लेण्यांत ज्याला पाहिले, तो इथे विटेविटेवर भेटतो.

चौथ्या चांद्र महिन्याच्या आठवीपर्यंत पश्चिमेच्या वेशीबाहेरचे चिनमिंग सरोवर सर्वांसाठी खुले असते. ही सम्राटाची बाग, पण या दिवसांत कुणालाही मज्जाव नाही. मधोमध तीन उंचवट्यांचा पूल आणि पाण्यातले महाल. मोठ्या नावेवर झोका बांधला आहे. कसरतपटू झोका घेत घेत चौकटीच्या उंचीला पोचतो आणि कोलांटी मारून पाण्यात पडतो. काठावर हजारो लोक एकदम श्वास सोडतात. मग नावांच्या शर्यती. पश्चिमेच्या शांत काठावर मासे पकडायचे तर कचेरीतून परवान्याची पट्टी विकत घ्यावी लागते. पकडलेला मासा तुम्ही दुप्पट भावाने घ्यायचा, तो तिथेच पाण्याकाठी कापून देतात. मामा घासाघीस करतो आणि हरतो, तरी मासा उत्तम आहे.

पावसाची सर आली तर नाट्यवस्तीत शिरा. लहान-मोठी पन्नासहून अधिक नाट्यगृहे आहेत आणि सर्वांत मोठ्या मांडवात हजारो लोक बसतात. ऊन-पाऊस, थंडी-वारा कशाचीही पर्वा न करता लोक रोज येतात. कळसूत्री बाहुल्या, सावल्यांचे खेळ, कसरती. मामेभाऊ तुम्हाला ओढत नेतो तो हुओ सच्यौ नावाच्या कथेकऱ्याकडे. तो तीन राज्यांच्या लढायांची गोष्ट सांगतो. लढाई ऐन भरात आली की तो थांबतो आणि पैशाची थाळी फिरते. मामेभावाने आपली सगळी सणाची नाणी तिथेच संपवली आहेत.

आता रात्र. हीच या शहराची खरी नवलाई. सुंगांच्या आधीच्या मोठ्या राजधान्यांत संध्याकाळचा नगारा वाजला की मोहल्ल्यांचे दरवाजे बंद होत. रस्त्यावर सापडेल त्याला फटके मिळत. 965 मध्ये सुंगांच्या पहिल्या सम्राटाने हुकूम काढला की राजधानीतला रात्रीचा बाजार तिसऱ्या प्रहरापर्यंत, म्हणजे मध्यरात्रीपर्यंत, कुणी बंद करू नये. त्या एका हुकुमाने शहराला रात्र मिळाली. राजवाड्यासमोरच्या महामार्गावर चौछ्याव पुलापासून दक्षिणेकडे चालत राहा. भाजलेले मांस, सुकवलेले मांस, कोंबडी, बदक, ससा, बाम मासा, भरलेल्या पोळ्या. एकही वस्तू पंधरा नाण्यांच्या वर नाही. दिवे इतके आणि गर्दी इतकी की सुगंध, धूर आणि हसणे वेगळे करता येत नाही. बाजार मध्यरात्रीनंतर पांगतो आणि पहाटेच्या पाचव्या प्रहराला पुन्हा मांडला जातो. काही गल्ल्यांत तर तो थांबतच नाही.

मध्यरात्र उलटून गेल्यावर, सगळे झोपायला निघाल्यावर, एक माणूस हातात किटली घेऊन रस्त्याने फिरताना दिसेल. तो कचेरीत उशिरापर्यंत राबलेल्या कारकुनांना आणि कामकऱ्यांना चहा विकतो. कोठारात होड्यांचा हिशेब जुळवताना रात्र झाली की मामा याच्याच हातचा चहा घेऊन घरी येतो. इतक्या प्रचंड राजधानीत, इतक्या उशिरा, एका साध्या कारकुनाला गरम चहा मिळावा याची सोय आहे. मला विचाराल तर काइफंगचे मोठेपण फान लौच्या मोत्यांच्या पडद्यांत नाही, ते या किटलीत आहे.

निघण्याचा दिवस येतो. आजी बोचक्यात पाकोळ्या, सुकी बोरे, मामेभावाचे आता मोठे झालेले पिल्लूही भरायला निघते. पिल्लू तुम्ही परत करता. होडी सुटते.

आता तुमच्याजवळ ते ज्ञान आहे जे मामाजवळ नाही. 1127 च्या सुरुवातीला उत्तरेकडच्या चिन राज्याच्या सैन्याने काइफंग घेतले. वसंतात हुइत्सोंग आणि तोवर गादीवर आलेला त्याचा मुलगा दोघांनाही कैद करून उत्तरेला नेले. सू सुंग नावाच्या मंत्र्याने बांधलेला पाण्याच्या चाकावर चालणारा, घंटा आणि नगारे वाजवून वेळ सांगणारा सुमारे बारा मीटर उंच घड्याळमनोरा मोडून नेला. जे वाचले ते दक्षिणेला पळाले. दरबार शेवटी तुमच्या हांगचौमध्येच स्थिरावला. काइफंगच्या आचाऱ्यांनी तिथे दुकाने थाटली. त्यांतल्या सुंग आडनावाच्या एका बाईंच्या दुकानातले माशाचे सूप 1179 मध्ये तिथल्या निवृत्त सम्राटाने चाखले आणि ते आजही हांगचौच्या हॉटेलांत मिळते.

त्या निर्वासितांत मंग युआनलाव नावाचा माणूस होता. तो 1103 मध्ये वडिलांबरोबर लहानपणी काइफंगला आला, तिथेच वाढला आणि 1127 मध्ये दक्षिणेला आला. म्हातारपणी नातेवाईक जमले की जुन्या शहराच्या गोष्टी निघत, आणि तरुण मुले त्यावर विश्वास ठेवत नसत. असे काही नव्हतेच, म्हणत. तेव्हा त्याने एक पुस्तक लिहिले आणि 1147 मध्ये त्याला प्रस्तावना जोडली. त्यात सम्राटाच्या मिरवणुकांबरोबर खानावळीतला वाढपी आहे, मांजराचे खाणे आहे, 72 नाण्यांचे शंभर आहेत, वेशीबाहेरची कोंबडीची पिल्ले आहेत आणि मध्यरात्रीची किटली आहे. भाषा मुद्दाम साधी ठेवली, सर्वांना समजावी म्हणून. तुम्ही आत्ता जे फिरलात ते बहुतेक त्याच्याच बोटाला धरून. होडी पुलाखालून कशी गेली, तेवढे मात्र चांग त्सतुआन या चित्रकाराचे. त्याचे 5 मीटरहून लांब रेशमी चित्र आज पेइचिंगच्या राजवाडा संग्रहालयात आहे.

मंग दक्षिणेला आला त्याच सुमारास, 1129 च्या आसपास, आपल्या कल्याणीच्या चालुक्य राजा सोमेश्वराने ‘मानसोल्लास’ पुरा केला. त्यातही खाणे, खेळ, गाणी, नाच सारे आहे, आणि आपल्या इतिहासाला त्याचा फार मोठा आधार आहे. पण तो राजाच्या पंक्तीचा ग्रंथ. त्या काळच्या आपल्या एखाद्या पेठेत मध्यरात्री कारकुनाला काय मिळे, हे सांगणारा मंग युआनलाव आपल्याला लाभला नाही.

पिवळ्या नदीच्या पुरांनी पुढे काइफंग गाळाखाली गाडले. 1642 च्या पुराने तर शहरच वाहून नेले. सुंगांची राजधानी आज आठ मीटरपेक्षाही खोल आहे. विटांचा मनोरा मात्र अजून उभा आहे. चौछ्याव पुलाच्या दोन्ही काठांना दगडी भिंती होत्या आणि त्यांवर समुद्रातले घोडे, जलचर आणि ढग कोरले होते, असे मंगने लिहून ठेवले होते. 2018 मध्ये त्या जागी उत्खनन सुरू झाले. पुढे खाली गेल्यावर त्या भिंती सापडल्या, त्यावर घोडे होते, क्रौंच होते, ढग होते. आजोबांच्या आठवणीवर तरुणांनी विश्वास ठेवला नाही, जमिनीने ठेवला.

म्हणून तुम्हाला एकच विनंती. दिवाळीत किंवा उन्हाळ्याच्या सुट्टीत मामाकडे, आत्याकडे, आजोळी जाल, तेव्हा एक वही बरोबर न्या. आठवडी बाजारात कोण काय विकते, कोपऱ्यावरच्या हॉटेलात वाढपी ऑर्डर कशी ओरडतो, रात्री उशिरा चहा कुठे मिळतो, माल मापताना कुणाचे माप कसे असते, आजी पाहुण्याला आधी काय विचारते, हे लिहून ठेवा. तारीख घाला, भाव घाला, गल्लीचे नाव घाला. भाषा साधी ठेवा. तुमच्या घरातली उद्याची मुले हे सगळे खोटे आहे म्हणतील, तेव्हा तुमच्याजवळ कागद असू द्या.